नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक बाबागाडी आली. आमचं गाव अनसिंग, वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मुलगा आणि सून पुण्याला असतात. सात महिन्यांच्या नातीला घेऊन ते सणाला आले आणि मोटारीच्या डिकीतून ही गाडी बाहेर निघाली. एका हाताने उघडणारी, वर छत, खाली सामानाची जाळी, दुधाच्या बाटलीला वेगळी जागा. नातीला तिच्यात बसवून सूनबाई गल्लीत निघाली. दहा पावलं गेली असेल नसेल, तर पुढचं चाक नालीवरच्या फरशीच्या फटीत अडकलं.

झालं! ओट्यावर बसलेल्या बायाबापड्यांना विषय मिळाला. एक म्हणाली, "काय व माय, लेकराले कडेवर घ्याले हात दुखतात का?" दुसरी म्हणाली, "एवढ्या पैशात गोऱ्हा आला असता." आणि तिसरी बोलणारी, मला सांगायला लाज वाटते, मी स्वतःच होते. मी म्हणाले, "आम्ही तीन लेकरं लुगड्याच्या झोळीत वाढवली. त्यांचं काय अडलं?" सगळ्या हसल्या. सूनबाईने गाडी मिटली आणि ती घरात आली.

रात्री जेवणं झाल्यावर ती मला म्हणाली, "आई, ही गाडी मी विकत घेतलेली नाही, माझ्या मावसबहिणीची आहे. तिकडे सोसायटीच्या बागेत बाकीच्या आया विचारतात, जुनी का घेतली? इथे तुम्ही विचारता, एवढी महाग कशाला घेतली? मग मी नेमकं काय करायचं?"

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. तेव्हापासून मात्र या गोष्टीचा मी मागोवा घेत गेले. बाळाच्या वस्तूंवरून आईबापांची पत मोजायची ही रीत कधीची? ती शहरातून आली की आपल्याच घरात होती? जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या भाषेतच एक गंमत आहे. बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो आणि त्याच दिवशी जमलेली मंडळी नावं ठेवायला सुरुवात करतात. एक अनुस्वार काय तो वाढतो! बाळाच्या आयुष्यातला हा पहिला जाहीर समारंभ. पूर्वी या दिवशी बाळंतविडा यायचा. बाळंतिणीला लुगडं-चोळी, बाळाला अंगडं-टोपडं, कुंची, दुपटं, हातात मनगट्या, पायात वाळे, कमरेला करदोडा, खेळायला खुळखुळा, पाळण्यावर टांगायला कापडी चिमण्यांचं झुंबर. हे सगळं ताटात मांडून सर्वांसमोर ठेवायचं. बायका ते हातात घेऊन बघणार. कुंचीला जर खरी आहे की खोटी, वाळे भरीव आहेत की पोकळ, दुपट्याला अस्तर आहे की नाही. बोलायची गरजच नसे. एखादीने वाळा हातात घेऊन जरा जोखला आणि परत ठेवला, की माहेरची पत ठरली. बाळ मात्र तिकडे झोपलेलं.

म्हणजे पुण्याच्या सोसायटीतल्या बागेत जे चालतं, ते आपल्या माजघरात आधीपासून चालत होतं. फरक एवढाच, की तेव्हा माहेरची परीक्षा होई आणि आता आईबापांची होते. दोन्ही वेळा मान खाली घालून बसायची पाळी बाळाच्या आईवरच येते.

पण आपल्याच रीतीत दुसऱ्या बाजूच्याही दोन गोष्टी होत्या आणि त्या मला फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली म्हणजे जुनेर. नव्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, जुनं लावायचं. आजीचं विरलेलं लुगडं, नाहीतर घरातल्या धडधाकट वाढलेल्या मुलाचं झबलं. शंभर वेळा धुऊन मऊ झालेलं कापड कोवळ्या कातडीला टोचत नाही. यामागे व्यवहार होताच, पण मानही होता. आपल्या मुलाचं झबलं दुसऱ्याच्या बाळाला मागितलं गेलं, तर त्या आईला बरं वाटे. वापरलेली वस्तू हा तेव्हा कमीपणा नव्हता, तो आशीर्वाद होता.

दुसरी गोष्ट म्हणजे तीट. बाळाला नटवायचं, चार लोकांत आणायचं आणि मग गालावर काजळाचा ठिपका लावायचा. का? तर लोकांची दृष्ट लागू नये म्हणून. मी विज्ञान मानणारी बाई आहे, दृष्टीने बाळ आजारी पडतं असं मी म्हणणार नाही. पण या रीतीत आपल्याच स्वभावाची कबुली आहे. लोकांनी बघावं अशी आपली हौस, आणि लोकांच्या बघण्याची आपल्यालाच भीती. ती भीती अगदीच खोटी नाही. फक्त दृष्ट बाळाला लागत नाही, ती आईला लागते.

आता थोडा आमच्या वऱ्हाडाचा इतिहास. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ झाली आणि चांदीचीही. आजही खामगावला रजतनगरी म्हणतात. कापसाच्या तेजीच्या काळात शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी हकिगत त्या वेळचे कापूस खात्याचे अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी लिहून ठेवली आहे. मग लेकरांच्या पायात चांदी आली असेल, यात नवल ते काय!

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ती चांदी नुसती मिरवण्यासाठी नव्हती. त्या काळी खेड्यात ना बँक, ना विमा. लेकराच्या पायातले वाळे म्हणजे घरातली शिल्लक. 1866 नंतर कापसाचे भाव कोसळले. पुढे 1899-1900 चा तो भयंकर दुष्काळ आला, ज्याला लोक छपन्नचा दुष्काळ म्हणत. अशा साली मोडायला किंवा गहाण टाकायला घरात तेवढंच असे. वाळा बाळाच्या पायात वाजायचा आणि वेळप्रसंगी घराला दाणे आणून द्यायचा. आजच्या महागड्या गाडीचं तसं नाही. ती दुकानाबाहेर पडली की तिची किंमत उतरते आणि मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की ती माळ्यावर जाते. जुन्या बायकांची हौस दिसायला भारी होती, पण तिच्यात हिशेब होता.

मात्र प्रत्येकाकडे चांदी नव्हती. आणि जिथे नव्हती, तिथे कर्ज होतं. आमच्याच घरातली गोष्ट सांगते. माझ्या आत्याच्या पहिल्या बाळंतपणानंतर तिला सासरी पोचवताना आजोबांनी सागवानी पाळणा करून दिला. त्यासाठी आजीच्या हातातल्या गोठ-पाटल्या गहाण पडल्या. पाळणा बैलगाडीतून गेला, वाजतगाजत गेला. तिकडे विहीणबाईंनी कड्यांना हात लावून एवढंच म्हटलं, "कड्या पितळेच्या हायेत." गोठ-पाटल्या परत आल्या नाहीत. आजीच्या हातात मी कायम काचेच्या बांगड्याच पाहिल्या. आणि ते पितळेच्या कड्यांचं वाक्य आत्याने सत्तराव्या वर्षीही मला जसंच्या तसं सांगितलं. पाळण्यात वाढलेला तिचा मुलगा तेव्हा शेजारीच बसला होता. त्याला कड्या आठवत नव्हत्या.

अशा गोष्टी ऐकल्या की आपण चटकन म्हणतो, गरिबांना हौस नडते. साहेबही तेच म्हणत. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रं जाळली, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्याची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, असा तेव्हा सर्रास समज होता. पण आयोगाने म्हटलं, की लग्न आणि सणसमारंभांच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. अन्नधान्य, बी-बियाणं, बैल, सरकारी सारा अशा गरजांसाठी वेळोवेळी काढलेल्या छोट्या रकमाच एखाद्या लग्नापेक्षा जास्त नडतात. हे वाचलं तेव्हा मी थबकले. गरीब आईबापांनी लेकरासाठी काही केलं नाही तर त्यांना कंजूस म्हणायचं आणि केलं तर उधळे म्हणायचं. नावं ठेवणाऱ्याला दोन्हीकडून सोय!

तरीही जो खर्च आपण मनापासून करत नाही, नुसत्या धाकापोटी करतो, त्याचं काय? याचं उत्तर आमच्याच वऱ्हाडातल्या एका बारशात मिळतं. ते बारसं होतं डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांच्या मुलीचं. डेबूजी म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील व्यसनापायी लवकर गेले. आई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या शेतात डेबूजी राबले आणि त्याच मामाची जमीन सावकारी कर्जात गेलेली त्यांनी पाहिली. 1892 मध्ये त्यांचं लग्न झालं आणि पुढे मुलगी झाली. त्यांच्या जातीत बारशाला दारू-मटणाचं जेवण द्यायची रीत होती. दिलं नाही तर भाऊबंद नावं ठेवणार, हे ठरलेलं. डेबूजींनी सगळ्यांना बोलावलं आणि पानात गोडाचं जेवण वाढलं. मंडळी रागावली. पण डेबूजी डगमगले नाहीत.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी कीर्तनं नंतर केली. 1905 मध्ये घर सोडलं, हातात खराटा घेतला, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, असं गावोगाव सांगत 1956 पर्यंत फिरले. पण त्याच्या आधी त्यांनी स्वतःच्या घरचं बारसं बदललं होतं. दुसऱ्याच्या बारशाला जाऊन नावं ठेवली नाहीत, आपल्या बारशात लोकांची बोलणी खाल्ली. मी ओट्यावर बसून सुनेवर हसले, त्याच्या बरोबर उलट.

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ, कारण बाबागाडी मूळची तिकडची. 1733 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये विल्यम केंट नावाच्या वास्तुरचनाकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक गाडी बनवली. शिंपल्याच्या आकाराची आणि बोकड किंवा तट्टू जुंपून ओढायची! म्हणजे ही गाडी जन्मली तीच सरदारघराण्यातल्या मुलांचं खेळणं म्हणून. पुढच्या शतकात व्हिक्टोरिया राणीने आपल्या मुलांसाठी तशा गाड्या घेतल्या आणि मग प्रत्येक सुखवस्तू घराला ती हवीशी झाली. 1877 मध्ये लीड्सच्या विल्यम विल्सन यांनी सिल्व्हर क्रॉस ही कंपनी काढली. तिच्या उंच चाकांच्या, चकचकीत गाड्या दाया बागेतून फिरवत आणि गाडी बघून घराणं ओळखलं जाई. आपल्याकडे वाळे जोखत, तिकडे चाकं बघत. माणूस इथून तिथून सारखाच!

या गाडीला जमिनीवर आणलं ते एका आजोबांनी. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. मुलीची जड बाबागाडीशी चाललेली ओढाताण त्यांनी पाहिली आणि 1965 मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, वजनाला तीन किलोच्या आतबाहेर असलेली गाडी तयार केली. तिच्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. आईचा एक हात मोकळा राहावा, एवढाच विचार होता. आमच्या घरी आलेली गाडी त्याच वंशातली. पण तिला छत आलं, जाळी आली, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आलं आणि ती फिरून मिरवण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वस्तूंवरून आईला जोखण्याचा सगळ्यात वाईट नमुना मात्र गाडीचा नाही, बाटलीचा आहे. 1924 साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशात बालसप्ताह सुरू झाले. बाळांची प्रदर्शनं भरू लागली, गुटगुटीत बाळाला बक्षीस मिळू लागलं. हेतू चांगला होता, बालमृत्यू कमी व्हावेत हा. पण त्याच सुमाराला दुधाच्या भुकटीच्या डब्यांवरही असंच गुटगुटीत बाळ झळकू लागलं. डबा परवडणारं घर सुधारलेलं आणि अंगावर पाजणारी आई मागासलेली, असा समज हळूहळू मध्यमवर्गात पसरला. अस्वच्छ पाण्यात कालवलेलं दूध आणि नीट न उकळलेली बाटली यांनी किती बाळांना हगवण लागली असेल! शेवटी 1992 मध्ये संसदेला कायदा करून बाळाच्या दुधाची भुकटी आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी घालावी लागली आणि 2003 मध्ये तो कायदा आणखी कडक करावा लागला. दिसण्यासाठी घेतलेली वस्तू बाळाच्या जिवावर कशी उठते, याचं याहून वेगळं उदाहरण द्यायला नको.

याचा अर्थ घेऊच नये का काही? तसं मुळीच नाही. आमच्या वाशीम-पुसद रस्त्यावर रोज दिसणारं दृश्य आठवा. मोटारसायकल, पुढे बाप, मागे आई, मधे तान्हं लेकरू, आणि समोरून येणारा ट्रक. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये नियम काढला, की चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला डोक्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. एका वर्षाने, 2023 मध्ये, तो लागू झाला. आता सांगा, बारशाला असा पट्टा किंवा पुढे उपयोगी पडेल असं छोटं हेल्मेट आणलेलं तुम्ही कुणाला पाहिलंय? मी तरी नाही पाहिलं. कारण त्यात मिरवायला काही नाही. ज्या वस्तूने जीव वाचतो तिला बाळंतविड्यात जागा नाही आणि जी एकदा घालून पेटीत जाते त्या कुंचीसाठी आपण वाशीमची चार दुकानं पालथी घालतो.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. वस्तू घेण्याआधी विचारायचं, बघणारं कुणीच नसतं तर ही घेतली असती का? उत्तर हो असेल, तर खुशाल घ्यावी. महाग असली तरी घ्यावी, कुणाच्या बोलण्याला भिऊ नये. उत्तर नाही असेल, तर ती बाळासाठी नाहीच, ओट्यावर बसलेल्या माझ्यासारख्यांसाठी आहे. आणि आमच्यासाठी, बापहो, कर्ज काढू नका. 2006 मध्ये पंतप्रधानांना विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करावं लागलं, त्यात आमचा वाशीम जिल्हा होता. कर्ज म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते. पुण्याला परतताना सूनबाईने ती नेली नाही. म्हणाली, "तिकडे आता घरात जागा नाही, आई. इथे कुणाला तरी उपयोगी पडेल." महिन्याभराने समोरच्या घरात बाळ जन्मलं. मी गाडी पुसून घेऊन गेले, सोबत नातीची जुनी दुपटीही. बाळाच्या आईने दुपटी हसतमुखाने घेतली आणि छातीशी धरली. गाडीकडे बघून मात्र म्हणाली, "नको मावशी. लोक म्हणतील, दुसऱ्याची वापरलेली गाडी आणली."

जुनेर चालतं, जुनी गाडी चालत नाही. मी तिला काही बोलले नाही. तिला तसं वाटायला लावणाऱ्या तोंडांमध्ये एक तोंड माझंही आहे. त्या रात्री पुण्याला फोन केला आणि सूनबाईला म्हटलं, "पोरी, त्या दिवशी मी चुकले." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, बेबीला पहिला दात आलाय."

गाडी अजून आमच्या पडवीत आहे. कुणाला हवी असेल तर न्यावी. चाकं चांगली आहेत.